आपले प्रश्न : उलटलेला ल्युकेमिया आणि कार-टीची चाचणी

रक्ताच्या कर्करोगातल्या कार-टी उपचाराबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. बहुतेक पत्रं बी-सेल एएलएलची, म्हणजे बी पेशींच्या (प्रतिपिंडांशी निगडित पांढऱ्या पेशींच्या) तीव्र ल्युकेमियाची आहेत. उपचाराचं सूत्र एवढंच: रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, त्यांत नवं जनुक घालायचं, वाढवायच्या आणि शिरेतून परत द्यायच्या. त्या जनुकामुळे टी पेशीला बी पेशीवरची ‘सीडी१९’ ही खूण ओळखता येते आणि ती खूण असलेली पेशी ती मारते. चांगल्या बी पेशींवरही हीच खूण असते. पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यातूनच येतात.

प्रश्न : पुतण्या १९ वर्षांचा आहे. एएलएल दुसऱ्यांदा उलटला. कार-टीने ८० टक्के रुग्ण बरे होतात असं वाचलं. हा आकडा खरा धरायचा का? (सातारा)

आकडा खरा आहे, पण तो कशाला कितीने भागून आला ते बघा. तो बहुधा ‘एलियाना’ या चाचणीतला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत मुलं आणि तरुण रुग्ण होते आणि औषध होतं टिसाजेनलेक्लुसेल, म्हणजे अशाच कार-टी पेशी. पेशी मिळालेल्या ७५ जणांपैकी ६१ जणांचा आजार तीन महिन्यांच्या आत आटोक्यात आला, म्हणजे ८१ टक्के. मात्र नावं नोंदली होती ९२ जणांची. उरलेल्या १७ जणांपर्यंत पेशी पोहोचल्याच नाहीत: कुणाच्या पेशी प्रयोगशाळेत नीट तयार झाल्या नाहीत, कुणी वाट पाहतानाच दगावलं, कुणाला मधेच दुसरा गंभीर त्रास झाला. ९२ ने भागलं तर ते ६६ टक्के होतात. तुमचा पुतण्या आज त्या ९२ जणांच्या रांगेत आहे, ७५ जणांच्या नाही.

दुसरं, ‘आटोक्यात आला’ म्हणजे ‘बरा झाला’ नव्हे. पेशी मिळालेल्यांत वर्षभरानंतर आजार न उलटता असलेल्यांचं प्रमाण ५० टक्के होतं, हयात असलेल्यांचं ७६ टक्के. दोनदा उलटलेल्या एएलएलमध्ये हे मोठंच यश आहे, त्यात शंका नाही. पण घर विकायचं की नाही हे ठरवताना वर्षाचा आकडा समोर हवा, तीन महिन्यांचा नको.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या ‘नेक्सकार१९’ या पेशींच्या चाचणीत ६४ रुग्ण होते. परिणाम मोजता आला अशा ५१ जणांपैकी ३७ जणांना, म्हणजे ७३ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला. हा आकडा ८१ च्या शेजारी ठेवून ‘तिकडचं सरस’ असं म्हणू नका. इथल्या चाचणीत ल्युकेमियाबरोबर लिम्फोमाचेही रुग्ण होते आणि वयोगटही वेगळा होता. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न दोनच: तुमच्या केंद्रात पेशी काढलेल्या किती जणांपर्यंत त्या प्रत्यक्ष पोहोचल्या, आणि वर्षभरानंतर त्यातले किती जण आजारमुक्त आहेत?

प्रश्न : भारतात हे औषध मंजूर झालं आहे ना? मग चाचणी कशाला? चाचणीत आमच्या मुलावर प्रयोग होणार का? (लातूर)

नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ती १५ वर्षांवरच्या रुग्णांसाठी. त्याहून लहान मुलांसाठी, किंवा नवी रचना, नवी मात्रा तपासायची असेल तर चाचणी लागते.

या आजारातल्या अशा चाचण्यांत सहसा एकच गट असतो. खोटं औषध कुणाला दिलं जात नाही. पहिल्या टप्प्यात मुख्यतः किती पेशी सुरक्षितपणे देता येतात ते बघतात, दुसऱ्या टप्प्यात किती जणांना गुण येतो ते. मूल कोणत्या टप्प्यात जाणार आहे ते स्पष्ट विचारा. पहिल्या टप्प्यात सुरुवातीच्या रुग्णांना कमी मात्रा मिळू शकते.

चाचणीला ‘सीटीआरआय’चा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक असतो. तो मागा. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. संमतिपत्र मराठीत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मूल सातच्या पुढचं असेल तर त्याचीही संमती घेतली जाते, बाराच्या पुढे लेखी. घाईत फक्त बापाची सही घेऊन काम उरकत असेल तर तिथेच थांबवा.

पैशांचं: चाचणीतल्या पेशींचा खर्च सहसा प्रायोजक उचलतो. पण मधल्या काळातली कीमो, प्लेटलेटच्या पिशव्या, आयसीयू, पुढची इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांची) इंजेक्शनं आणि रुग्णालयाजवळ महिनाभराची खोली हे कोण देणार, ते संमतिपत्रात ओळीने लिहिलेलं असावं. तोंडी ‘बघू’ चालणार नाही.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, वजन २२ किलो. टी पेशी काढण्यासाठी तारीख दिली आहे, पण त्याआधी तिची औषधं बंद केली. आजार वाढला तर? आणि एवढ्या लहान मुलीचं रक्त मशीनमधून फिरवणं सुरक्षित आहे का? (सांगली)

औषधं बंद केली ती टी पेशींसाठीच. स्टिरॉइड टी पेशींना मारतं, म्हणून उपचाराच्या मात्रेतलं स्टिरॉइड निदान तीन दिवस आधी थांबवतात. पाठीच्या कण्यातून दिलेल्या औषधानंतर साधारण आठवडा, ॲस्पॅराजिनेज या ल्युकेमियाच्या औषधानंतर चार आठवड्यांपर्यंत थांबतात. नेमकी मुदत प्रत्येक चाचणीच्या नियमांत असते. पेशी काढण्याआधी रक्तात दर मायक्रोलिटरमागे लिम्फोसाइट (टी, बी अशा पांढऱ्या पेशी) ५०० च्या वर किंवा सीडी३ टी पेशी १५० च्या वर आहेत का ते बघतात. त्या खाली असल्या तर तारीख पुढे जाते आणि ते योग्यच असतं. कमी पेशींवर घाई केली की पुढे पिशवी भरते पण पेशी वाढत नाहीत.

आता मशीनचं. अफेरेसिस म्हणजे रक्त एका नळीने बाहेर काढायचं, फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशींचा थर वेगळा करायचा आणि बाकीचं रक्त दुसऱ्या नळीने परत द्यायचं. तीन-चार तास लागतात. २२ किलोच्या मुलीच्या अंगात साधारण दीड-पावणेदोन लिटर रक्त असतं. मशीनच्या नळ्यांत एका वेळी दोन-तीनशे मिलिलिटर अडकून राहतं. तिच्यासाठी तो एकूण रक्ताचा सातवा-आठवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त होतो. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत नळ्या आधीच किरणोत्सर्ग दिलेल्या तांबड्या पेशींनी भरून घेतात. हे केलं जाणार आहे ना, एवढं विचारून घ्या. हाताच्या शिरा पुरत नाहीत, त्यामुळे मानेत किंवा मांडीत जाड नळी घालावी लागते. नेहमीच्या कीमोची बारीक नळी या कामाची नसते.

रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात. त्याने रक्तातलं कॅल्शियम उतरतं. ओठ, बोटांची टोकं झिणझिणायला लागतात. सात वर्षांची मुलगी ‘झिणझिणतंय’ असं सांगेलच असं नाही. ती ओठ चाटायला लागली, पोटात दुखतं म्हणाली, उगाच रडू लागली तर सिस्टरना लगेच सांगा. मशीनचा वेग कमी करून, शिरेतून कॅल्शियम दिलं की थांबतं.

पुढे प्रयोगशाळेत टी पेशींना सीडी३ आणि सीडी२८ या खुणांवरून चेतवतात, लेंटीव्हायरस या जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूच्या मदतीने जनुक आत घालतात आणि आठवडा ते पंधरवडा वाढवतात. मग तपासण्या: जिवंत पेशी किती टक्के, त्यातल्या कितींवर नवा ग्राहक (खूण पकडणारं प्रथिन) उगवला, जंतू, मायकोप्लाझ्मा हे सूक्ष्म जंतू, एंडोटॉक्सिन हे जंतूंचं विष, एकेका पेशीत जनुकाच्या किती प्रती शिरल्या, व्हायरस पुन्हा वाढू शकतो का. यात काही दिवस जातात. ‘पेशी तयार आहेत’ आणि ‘पेशी सोडल्या’ या दोन तारखांमध्ये अंतर पडतं ते यामुळे.

कुठे बिघडतं? पुष्कळ वेळा कीमोचे अनेक फेरे झालेल्या रुग्णाच्या टी पेशी थकलेल्या असतात, चेतवल्या तरी दुप्पट होत नाहीत. कधी काढलेल्या पिशवीत ल्युकेमियाच्याच पेशी जास्त भरतात. २०१८ मध्ये नोंदलं गेलेलं एक उदाहरण तर विलक्षण आहे: ल्युकेमियाच्या एकाच पेशीत चुकून जनुक शिरलं, तिच्यावर उगवलेल्या ग्राहकाने तिचीच सीडी१९ ही खूण झाकली आणि त्या एका पेशीतून आजार उलटला. असं घडणं फारच दुर्मीळ. म्हणून आमचं मत असं: कार-टीचा विचार करायचाच असेल तर आणखी एक जबरदस्त कीमोचा फेरा करण्याआधी पेशी काढून गोठवून ठेवता येतील का, हे विचारा. काही केंद्रांत ती सोय असते.

प्रश्न : पेशी बनेपर्यंत पुन्हा कीमो, मग पेशी देण्याआधी आणखी चार दिवस कीमो. ही दुसरी कीमो कशासाठी? (नाशिक)

पहिली आजार दाबून ठेवण्यासाठी. दुसरी टी पेशींना जागा करून देण्यासाठी. एलियानामध्ये फ्लुडाराबिन शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला रोज ३० मि.ग्रॅ. चार दिवस आणि सायक्लोफॉस्फामाइड ५०० मि.ग्रॅ. दोन दिवस असं होतं. दीड चौरस मीटरच्या तरुणासाठी ते ४५ आणि ७५० मि.ग्रॅ. झालं. जुन्या लिम्फोसाइट हटल्या की त्यांच्या वाट्याची वाढीची द्रव्यं नव्या पेशींना मिळतात. हा टप्पा कमी केला तर पेशी शरीरात टिकत नाहीत. किडनी कमजोर असेल तर फ्लुडाराबिनची मात्रा घटवावी लागते, तेव्हा ताजं क्रिएटिनिन हवं. या औषधानंतर रुग्णाला दिलं जाणारं रक्त आणि प्लेटलेट किरणोत्सर्ग दिलेलेच हवेत. फाइलच्या पहिल्या पानावर ते ठळक लिहून घ्या, कारण रात्री दुसऱ्याच ब्लड बँकेतून पिशवी आणायची वेळ येते.

प्रत्यक्ष पेशी देणं दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. गोठवलेली छोटी पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात आणि अर्ध्या तासाच्या आत देतात. गोठवताना घातलेल्या द्रव्याचा लसणासारखा वास रुग्णाच्या श्वासाला एखादा दिवस येतो, त्यात काळजीचं काही नाही. आधी पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीचं इंजेक्शन देतात. स्टिरॉइड नाही. आपल्या वॉर्डांत रक्त किंवा प्लेटलेटआधी हायड्रोकॉर्टिसोन देण्याची सवय पक्की आहे. नव्या ड्यूटीवरच्या माणसाच्या हातून ते सवयीने जाऊ शकतं. केस पेपरवर लाल शाईत ‘टीमला विचारल्याशिवाय स्टिरॉइड नाही’ असं लिहून घेणं हा साधा पण कामाचा उपाय.

आजाराचा भारही महत्त्वाचा. मॅरोत (हाडांतल्या मज्जेत) ल्युकेमियाच्या पेशी जितक्या जास्त तितका पुढचा दाह, म्हणजे पेशी कामाला लागल्यावर अंगात उठणारा क्षोभ, जास्त. प्रौढांसाठीच्या ओबेकॅब्टाजेन या कार-टी औषधात हे मात्रेतच बसवलं आहे: मॅरोत २० टक्क्यांहून जास्त ब्लास्ट (ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी) असले तर पहिल्या दिवशी फक्त १ कोटी पेशी, कमी असले तर १० कोटी, आणि उरलेल्या दहाव्या दिवशी, एकूण ४१ कोटी होतील अशा. त्या चाचणीत तीव्र दाह अगदी थोड्या रुग्णांना झाला. अमेरिकेत हे औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं.

प्रश्न : पेशी दिल्यावर ताप येतोच म्हणतात. घरी कधी नेता येईल? बोलणं बंद होतं असंही ऐकलं. (चंद्रपूर)

एलियानामध्ये ७७ टक्के रुग्णांना सायटोकाइनचा (पेशींनी सोडलेल्या संदेश-द्रव्यांचा) दाह झाला, ४० टक्क्यांना मेंदूशी निगडित काही ना काही त्रास. बहुतेक वेळा तो उतरतो, पण वेळेवर ओळखला तर.

दाहाची सुरुवात तापाने होते, ३८ अंश सेल्सिअस किंवा वर, बहुधा पहिल्या आठवड्यात. नुसता ताप ही पहिली पायरी. रक्तदाब घसरला पण सलाइनने सावरला किंवा नाकातल्या नळीचा थोडा ऑक्सिजन लागला तर दुसरी. रक्तदाबाचं औषध चालू करावं लागलं किंवा जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन लागला तर तिसरी. एकाहून जास्त औषधं किंवा व्हेंटिलेटर म्हणजे चौथी. उपाय आहे टोसिलिझुमॅब: ३० किलोच्या वर दर किलोला ८ मि.ग्रॅ., खाली १२ मि.ग्रॅ., एका वेळी ८०० मि.ग्रॅ.च्या आत. मुळात हे संधिवाताचं औषध. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या मुलीचा दाह हाताबाहेर गेला होता, तिच्या रक्तात आयएल-६ हे दाह वाढवणारं सायटोकाइन प्रचंड वाढलेलं दिसलं आणि त्याला अडवणारं हे औषध वापरून ती वाचली. तेव्हापासून पेशी देण्याआधी ते वॉर्डात आणून ठेवलेलं असावं लागतं. ‘लागलं तर मागवू’ असं उत्तर मिळालं तर तारीख पुढे ढकलायला सांगा.

आणि हा ताप फक्त दाहाचाच असेल असं नाही. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, म्हणून रक्ताचं कल्चर आणि अँटिबायोटिक त्याच तासात सुरू होतात.

मेंदूच्या त्रासासाठी रोज सकाळ-संध्याकाळ दहा गुणांची चाचणी घेतात. साल, महिना, शहर, रुग्णालय याचे चार गुण. पेन, घड्याळ, बटण अशा तीन वस्तूंची नावं सांगण्याचे तीन. ‘दोन बोटं दाखवा’ यासारख्या सूचनेचा एक. एक वाक्य लिहिण्याचा एक. शंभरपासून दहा-दहाने उलटं मोजण्याचा एक. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी पद्धत आहे. हे प्रश्न मराठीतच विचारायला सांगा. घरात गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या माणसाला इंग्रजी-हिंदीत विचारलं तर तो भाषेमुळे गुण गमावतो आणि नाहक घबराट होते. उलटही होतं, तो तसाच अडखळतो असं समजून खरी बिघाडाची वेळ निसटते. लिहायचं वाक्य रोज तेच ठेवा, त्याच वहीत, एकाखाली एक. ‘मी आज चहा घेतला’ असं काहीही चालेल. बोलण्याआधी अक्षर बिघडतं. काना-मात्रा सुटतात, ओळ खाली उतरते, शेवटचा शब्द अर्धा राहतो. नातेवाइकांच्या डोळ्यांना हे डॉक्टरांच्या आधी दिसतं. या त्रासावर टोसिलिझुमॅब फारसं चालत नाही. इथे मात्र स्टिरॉइडच द्यावं लागतं, बहुधा डेक्सामेथासोन.

घराचं म्हणाल तर पहिले चार आठवडे रुग्णालयापासून दोन तासांच्या आत राहायचं, असा नियम बहुतेक चाचण्यांत होता. खारघर किंवा परळला उपचार असेल तर चंद्रपूरला परतणं या काळात शक्य नाही. खोली आधीच बघून ठेवा. ताप मोजल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका. रुग्णाच्या खिशात उपचाराचं नाव, पेशी दिल्याची तारीख आणि टीमचा चोवीस तासांचा नंबर असलेलं कार्ड असू द्या. रुग्णाने दोन महिने तरी गाडी चालवू नये.

प्रश्न : २८ व्या दिवशी मॅरोत एमआरडी निगेटिव्ह आली. आता मोकळे का? (ठाणे)

अजून नाही, पण पहिला मोठा टप्पा पार झाला. एमआरडी म्हणजे उपचारानंतर मागे उरलेला, सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा आजार. निगेटिव्ह म्हणजे दहा हजार पेशींत एकही सापडली नाही. त्यासाठी मॅरोचा पहिल्याच ओढीचा दोन-तीन मिलिलिटर नमुना या तपासणीला गेला पाहिजे. नंतरच्या ओढीत रक्त मिसळतं आणि खोटं समाधान मिळतं. आणखी एक खाच: नेहमीची फ्लो तपासणी (पेशींवरच्या खुणा मोजणारी) बी पेशी शोधताना सीडी१९ चाच आधार घेते. पण कार-टीनंतर उलटणारा आजार पुष्कळदा सीडी१९ टाकून दिलेलाच असतो, तो या जाळ्यातून सुटतो. प्रयोगशाळेला नमुन्यासोबत ‘सीडी१९ विरोधी उपचार झाला आहे’ असं लेखी कळवा, म्हणजे ते सीडी२२, सीडी२४ यांसारख्या खुणांवरून शोधतील.

दर महिन्याला रक्तातल्या बी पेशी मोजा. त्या शून्य असणं ही चांगली खूण, कारण कार-टी पेशी कामावर आहेत. पहिल्या सहा महिन्यांत बी पेशी परतल्या तर कार-टी पेशी संपल्या असं समजून बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार लगेच करावा लागतो. बी पेशी शून्य असेपर्यंत प्रतिपिंडं बनत नाहीत. आयजीजी (रक्तातली मुख्य प्रतिपिंडं) ४०० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं किंवा संसर्ग वारंवार झाले तर इम्युनोग्लोब्युलिन दर किलोला सुमारे ४०० मि.ग्रॅ., महिन्यातून एकदा. २२ किलोच्या मुलाला सुमारे ९ ग्रॅम. हा खर्च वर्षानुवर्षं चालू शकतो आणि सुरुवातीच्या हिशेबात तो कुणी धरत नाही.

तपासणी पंधरा वर्षं चालू ठेवायची असते. जनुक घातलेल्या टी पेशींतूनच नवा कर्करोग झाल्याच्या थोड्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०२४ मध्ये या औषधांवर त्याबद्दल ठळक इशारा छापायला सांगितला. धोका लहान आहे, उलटलेल्या ल्युकेमियाच्या धोक्यापुढे तर फारच लहान. पण नव्या गाठी आल्या तर ‘कार-टी झाली आहे’ हे नव्या डॉक्टरला सांगायलाच हवं.

प्रश्न : भावाला टी-सेल एएलएल आहे, मेहुणीला एएमएल. त्यांना हा उपचार का नाही? (मडगाव)

टी-सेल एएलएलमध्ये नेम धरायची खूण, उदाहरणार्थ सीडी७, ही चांगल्या टी पेशींवरही असते. त्यामुळे बनवलेल्या पेशी प्रयोगशाळेतच एकमेकींना मारतात. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात २०२२ मध्ये दात्याच्या टी पेशींतलं सीडी७ चं जनुक बेस एडिटिंगने (डीएनएतलं एकेक अक्षर बदलण्याच्या तंत्राने) बंद करून त्या एका मुलीला दिल्या, आणि आजार आटोक्यात आल्यावर तिचं ट्रान्सप्लांट केलं. अशा चाचण्यांत ट्रान्सप्लांटचा दाता आधीच ठरवून ठेवावा लागतो, तेव्हा भावाची एचएलए तपासणी (दात्याशी जुळणी बघणारी) आताच करून घ्या.

एएमएलमध्ये, म्हणजे मायलॉइड पेशींच्या तीव्र ल्युकेमियात, सीडी३३, सीडी१२३ या खुणा रक्त बनवणाऱ्या निरोगी पेशींवरही असतात. बी पेशींशिवाय माणूस इम्युनोग्लोब्युलिनवर जगू शकतो, मॅरोशिवाय नाही. मेहुणीसाठी आज कार-टी शोधत फिरण्यापेक्षा आजारातल्या जनुकीय बदलांची पूर्ण तपासणी करून घ्या. एफएलटी३ किंवा आयडीएच बदल सापडला तर त्यावर गोळ्या उपलब्ध आहेत.